टीबीच्या गोळ्या चालू, तरी धाप थांबत नाही? एचआयव्ही असलेल्यांना होणारे फुफ्फुसांचे वेगळे आजार. लक्षणं, तपासण्या आणि उपचारांची सविस्तर माहिती

सायवन (ता. डहाणू) : सायवन, कासा, उधवा, तलासरी या पट्ट्यात कुणाचा खोकला पंधरा दिवसांत गेला नाही की घरचे लोक म्हणतात, "टीबी असेल, बेडका तपासून घे." सल्ला बरोबरच आहे. आपल्याकडे लांबलेल्या खोकल्यामागे टीबी पुष्कळदा सापडतो, आणि एचआयव्ही असलेल्या माणसाला तर टीबीचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात टीबीशिवाय दुसरेही काही जंतू आणि बुरश्या वाढतात. ताप, खोकला, वजन घटणं, दम लागणं ही सुरुवात सगळ्यांची सारखीच असते. औषध मात्र वेगळं असतं. टीबीच्या गोळ्यांचा या आजारांवर उपयोग होत नाही आणि वाट बघण्यात आठवडे निघून जातात.

यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या आजाराचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी एक साधी गोळी आहे. म्हणून हे आजार कोणते, शंका कधी घ्यायची आणि कुठे जायचं, याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

एचआयव्ही आणि फुफ्फुसाचं नातं

आपण श्वास घेतो तेव्हा हवेबरोबर धूळ, बुरशीचे बारीक कण आणि जंतू आत जातात. शेतात, गोठ्यात, वीटभट्टीवर, घरात सगळीकडे हे होतं. निरोगी माणसाचं शरीर त्यांना तिथल्या तिथे अडवतं. या राखणीच्या कामात सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी पुढे असतात. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो.

निरोगी माणसाच्या रक्तात, एका घन मिलिमीटरमध्ये, साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. उपचार नसतील तर हा आकडा वर्षांमागून वर्षं खाली येत जातो. टीबी कोणत्याही आकड्यावर होऊ शकतो. पण २०० च्या खाली आल्यावर पीसीपी नावाचा न्यूमोनिया गाठतो. १०० च्या खाली क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरश्यांचा धोका वाढतो. ५० च्या खाली सीएमव्ही विषाणू आणि टीबीचे काही भाऊबंद जंतू डोकं वर काढतात. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला झाला की डॉक्टर आधी विचारतात, "सीडी४ किती आहे?" ज्या कागदावर हा आकडा लिहिलेला असतो तो कागद जपून ठेवावा.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय दिसलं होतं

आपल्या राज्यात हे आजार खरोखर होतात का? याचं उत्तर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयातल्या एका अभ्यासातून मिळालं. डॉ. धनेश्वर लांजेवार आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८८ ते २००० या काळात एड्सने मरण पावलेल्या १४३ प्रौढ रुग्णांची फुफ्फुसं शवविच्छेदनात तपासली. १२६ जणांच्या फुफ्फुसात आजार सापडला. त्यात ८५ जणांना टीबी होता, २६ जणांना नेहमीच्या जंतूंचा न्यूमोनिया, १० जणांना सीएमव्ही विषाणू, ८ जणांना क्रिप्टोकॉकस बुरशी, ७ जणांना पीसीपी आणि ४ जणांना ॲस्परजिलस बुरशी.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे टीबी सगळ्यांत वर आहे, तो कधीच विसरायचा नाही. दुसरी म्हणजे या आकड्यांची बेरीज १२६ पेक्षा जास्त भरते. म्हणजे काही रुग्णांना एकाच वेळी दोन आजार होते. टीबी सापडला म्हणून शोध तिथेच थांबवला तर शेजारी बसलेला दुसरा आजार तसाच राहतो.

हा काळ मोफत औषधांच्या आधीचा होता. भारतात सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू करायचं धोरण आलं. त्यामुळे नियमित गोळ्या घेणाऱ्यांत हे आजार आता कमी दिसतात. जे दिसतात ते बहुतेक दोन प्रकारच्या लोकांत : ज्यांना आपल्याला एचआयव्ही आहे हेच माहीत नाही, आणि ज्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या.

पीसीपी : हळूहळू वाढणारी धाप

याचं पूर्ण नाव न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया. पूर्वी याच्या जंतूला एकपेशीय प्राणी समजत. १९८८ मध्ये तो बुरशीच्या कुळातला असल्याचं निश्चित झालं. एड्सची जगाला पहिली ओळख याच आजाराने करून दिली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हा न्यूमोनिया झाल्याचं जाहीर झालं. चांगल्या धडधाकट माणसांना हा आजार कसा झाला, या प्रश्नातून एड्सचा शोध सुरू झाला.

पीसीपीची चाल ओळखण्यासारखी आहे.

• खोकला कोरडा असतो. बेडका फारसा पडत नाही.
• ताप असतो, पण थंडी वाजून चढेलच असं नाही.
• दम दोन-तीन आठवड्यांत वाढत जातो. आधी चढावर धाप लागते, मग विहिरीवरून हंडा आणताना, मग संडासला जाऊन येताना, आणि शेवटी बोलतानाही.
• बसून राहिलं तर बरं वाटतं. म्हणून घरचे समजतात की अशक्तपणा आहे.
• छातीला नळी लावून ऐकलं तर कधी कधी काहीच ऐकू येत नाही. सुरुवातीचा एक्सरेही जवळजवळ चांगला दिसू शकतो.

बेडकाच पडत नसल्याने टीबीची तपासणी नीट होत नाही किंवा निगेटिव्ह येते. "टीबी नाही, एक्सरे ठीक आहे, घरी जा" असं ऐकून माणूस परत येतो आणि आठवड्याभरात ऑक्सिजनवर जातो. या आजारात फुफ्फुसाला बारीक फोडही येतात. एखादा फुटला तर अचानक एका बाजूला छातीत दुखतं आणि श्वास कोंडतो. अशा वेळी क्षणही न घालवता १०८ ला फोन करावा.

बोटाला लावायचं मशीन इथे कामाला येतं

कोरोनाच्या वेळी गावोगाव ऑक्सिजन मोजायचं छोटं मशीन, पल्स ऑक्सिमीटर, पोहोचलं. अनेक आशाताईंकडे ते आजही आहे. पीसीपीची शंका घ्यायला हे मशीन फार उपयोगी पडतं, पण वापरायची पद्धत नीट हवी.

रुग्णाला पाच मिनिटं बसवून आकडा बघावा. मग अंगणात तीन ते सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालवावं आणि लगेच पुन्हा बघावा. बसल्यावर ९५ किंवा जास्त आणि चालल्यावर तीन-चार अंकांनी खाली, असं असेल तर फुफ्फुसात काहीतरी आहे. बसलेलं असतानाच ९४ च्या खाली असेल तर चालवू नये, सरळ दवाखाना गाठावा. नखाला रंग किंवा मेंदी असेल, हात गार असेल तर आकडा चुकतो. अशा वेळी बोट पुसून, हात चोळून पुन्हा मोजावं. आकडा चांगला आला तरी धाप खरी असेल तर धापेवरच विश्वास ठेवावा.

पीसीपीचं औषध

औषधाचं नाव कोट्रायमोक्साझोल. जुनी माणसं त्याला सेप्ट्रानची गोळी म्हणतात. आजार झाल्यावर हीच गोळी वजनाप्रमाणे मोठ्या मात्रेत, दिवसातून अनेक वेळा, साधारण २१ दिवस द्यावी लागते. ऑक्सिजन कमी असेल तर डॉक्टर सोबत स्टेरॉईड देतात. ही मात्रा फक्त डॉक्टरांनी ठरवायची असते. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून घेतल्याने आजार जात नाही, उलट निदान अवघड होतं.

हीच गोळी आजार होऊ नये म्हणूनही देतात. ज्यांचा सीडी४ ३५० पेक्षा कमी आहे किंवा आजार पुढच्या टप्प्यात आहे, त्यांना एआरटी केंद्रातून रोज एक मोठी गोळी मिळते. तिने पीसीपीबरोबर मेंदूत होणारा टोक्सोप्लाझ्मा, काही न्यूमोनिया आणि काही जुलाबांपासूनही राखण होते. "आता मला बरं वाटतं" म्हणून ही गोळी आपल्या मनाने थांबवू नये. सीडी४ वर येऊन तिथे टिकला की डॉक्टर स्वतःच बंद करतात.

गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले तर लगेच केंद्रात दाखवावं. पर्यायी औषधं आहेत. त्यातलं डॅप्सोन हे औषध रक्तात जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असलेल्यांना त्रास देतं, म्हणून आधी रक्त तपासतात. आपल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलही आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने दाखवावं. सिकलसेलमध्येही छातीत दुखून धाप लागते, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना हवीच असते.

क्रिप्टोकॉकस : छातीतून डोक्यात जाणारी बुरशी

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि कुजलेल्या लाकडात वाढते. श्वासातून फुफ्फुसात जाते. तिथे थोडा खोकला, थोडा ताप, कधी एक्सरेवर गाठीसारखा डाग, एवढंच दिसतं. खरा धोका पुढे आहे. सीडी४ कमी असेल तर ती रक्तातून मेंदूच्या आवरणात जाते. मग दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, बरळणं सुरू होतं. अशा माणसाला बाहेरची बाधा झाली समजून भगताकडे नेण्यात दोन-तीन दिवस गेले तर जीव वाचवणं अवघड होतं. भगताकडे जायचं असेल त्यांनी जावं, पण आधी दवाखान्यात जाऊन यावं.

या बुरशीसाठी रक्ताच्या थेंबावर होणारी सोपी तपासणी आहे, तिला क्रॅग म्हणतात. ज्यांचा सीडी४ १०० पेक्षा कमी आहे त्यांची ही तपासणी त्रास सुरू होण्याआधीच करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्रास नसताना तपासणी पॉझिटिव्ह आली तर पाठीतलं पाणी तपासून मेंदूपर्यंत बुरशी गेली नाही ना हे बघतात. गेली नसेल तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांनी तिला रोखता येतं. मेंदूपर्यंत गेली असेल तर मोठ्या रुग्णालयात ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून द्यावं लागतं. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" हा गैरसमज आहे. या तपासणीने निदान होतं आणि डोक्यातला दाबही कमी होतो.

टीबीसारखे दिसणारे, पण टीबी नसलेले

बेडक्याची काचेवरची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबीच, असं नेहमी नसतं. दोन जंतू इथे चकवतात.

पहिला टीबीचाच भाऊबंद. डॉक्टर त्याला एनटीएम म्हणतात. तो पाण्यात आणि मातीत राहतो. काचेवर तो टीबीसारखाच लाल दिसतो, पण सीबीनॅट किंवा ट्रुनॅट मशीन "टीबी नाही" म्हणून सांगतं. औषधं वेगळी आणि जास्त महिने घ्यावी लागतात.

दुसरा नोकार्डिया. हा मातीतला जंतू. त्याचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांसारखे दिसतात, तेही काही प्रमाणात टीबीचा रंग पकडतात. फुफ्फुसात पू होतो, कातडीखाली गळू येतात, कधी मेंदूतही गाठ होते. याच्यावर मुख्य औषध पुन्हा कोट्रायमोक्साझोल, पण कित्येक महिने.

म्हणून मशीनवरची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. यातलं ट्रुनॅट मशीन आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेलं आहे. ते छोट्या दवाखान्यातही चालतं आणि टीबीच्या एका मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही सांगतं. टीबीच्या गोळ्या नियमित घेऊन दोन महिने झाले, तरी ताप आणि वजन जागचं हललं नाही, तर "पुन्हा तपासा" असं सांगण्याचा रुग्णाला हक्क आहे.

आणखी काही क्वचित दिसणारे आजार

हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वटवाघळं, पक्षी आणि कोंबड्यांची विष्ठा पडलेल्या मातीत वाढते. भारतात तिचे रुग्ण जास्त करून गंगेच्या खोऱ्यात, बंगाल-बिहार-उत्तर प्रदेशात नोंदले गेले. ताप, वजन घटणं, यकृत-प्लीहा वाढणं, तोंडात जखमा, रक्त कमी होणं असा सगळा थाट टीबीचाच असतो.

तालारोमायसिस ही बुरशी मणिपूर आणि ईशान्येकडच्या राज्यांत आढळते. तोंडावर मध्ये खळगा असलेले पुटकुळीसारखे दाणे येतात. आपल्या भागातली ही बुरशी नव्हे. पण तिकडे नोकरीला राहून आलेल्या माणसाने डॉक्टरांना ते सांगायला हवं.

ॲस्परजिलस ही बुरशी कुजलेल्या पेंढ्यात, ओल्या गवतात, बुरसलेल्या धान्यात असते. ज्यांच्या फुफ्फुसात जुन्या टीबीने पोकळी झाली आहे त्यांच्यात ती घर करते. जुना टीबी बरा झालेला, आणि पुन्हा खोकल्यातून रक्त येतंय, तर या बुरशीचाही विचार होतो.

सीएमव्ही हा विषाणू बहुतेकांच्या अंगात झोपलेला असतो. सीडी४ ५० च्या खाली गेला की जागा होतो. जास्त करून डोळ्यांवर आणि आतड्यांवर हल्ला करतो, क्वचित फुफ्फुसावर.

स्ट्राँगिलॉईडिस हा एक बारीक जंत अनवाणी चालताना मातीतून पायाच्या कातडीतून शिरतो. वर्षानुवर्षं पोटात गुपचूप राहतो. प्रतिकारशक्ती कमी असताना स्टेरॉईड दिलं गेलं तर तो संख्येने वाढून फुफ्फुसात पसरू शकतो. आवणीला चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

धापेवर सुई मारून घेण्याआधी

गावात धाप लागली की एक सुई मारून घ्यायची सवय आहे. अशा सुईत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, भूक लागते. मूळ जंतू मात्र आतून वाढत राहतो. पीसीपीत स्टेरॉईड देतात ते खऱ्या औषधासोबत आणि मोजून. नुसतं स्टेरॉईड घेणं म्हणजे शेताची राखण काढून घेऊन गुरांना वाट मोकळी करून देणं.

खोकला "भट्टीच्या धुळीने", "राब भाजताना धूर लागला म्हणून", "बिडीने" झाला असं समजून दोन-दोन महिने काढणारेही आहेत. धूर आणि धुळीने खोकला होतो हे खरं. पण त्याने रोज ताप येत नाही आणि वजन घटत नाही. ताप आणि वजन घटणं सोबत असेल तर तपासणी हवीच.

कुठे जायचं, काय मागायचं

पहिली पायरी सायवनसारखं जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून पुढे कासा आणि डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसी केंद्रात मोफत होतं. जवळचं एआरटी केंद्र कोणतं, तिथे कोणत्या दिवशी जायचं, हे तिथले समुपदेशक लिहून देतात. जास्त गंभीर रुग्णाला मुंबईला पाठवतात. आपल्याकडचे अनेक जण जवळ पडतं म्हणून सिल्वासा, वापी किंवा वलसाडला जातात. तिथे गेलं तरी हरकत नाही, फक्त जुने कागद सोबत न्यावेत आणि तिथले कागद परत आल्यावर आपल्या केंद्रात दाखवावेत.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगाव्यात : खोकला किती दिवसांचा, कोरडा की बेडक्याचा, आधी टीबी झाला होता का, एआरटी चालू आहे का, मध्ये किती दिवस सुटली, कोणत्या गावाला कामाला होतो, कोणत्या सुया-गोळ्या घेतल्या.

आणि ज्याला टीबी निघाला त्याची एचआयव्ही तपासणी, ज्याला एचआयव्ही आहे त्याची प्रत्येक भेटीत टीबीची विचारपूस, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. ती झाली नसेल तर आपण मागावी.

उपचार सुरू झाल्यावर

एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींचा ताप-खोकला उलट वाढतो. राखणदार जागे झाल्याने आत लपलेल्या जंतूशी झुंज सुरू होते, त्याचा हा त्रास असतो. "गोळीने बिघडलं" म्हणून गोळी टाकू नये, केंद्रात जावं. काही आजारांत, विशेषतः मेंदूत बुरशी असेल तर, डॉक्टर आधी त्या आजाराचं औषध देऊन एआरटी काही आठवडे उशिरा सुरू करतात. ते मुद्दाम असतं.

टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचा जोर कमी करतं, म्हणून दोन्ही सोबत असतील तर डोल्युटेग्रॅव्हिरची एक जादा गोळी देतात. यासाठी दोन्ही केंद्रांना दोन्ही आजार माहीत असणं गरजेचं आहे. लाजेने एक लपवला तर औषध फुकट जातं.

टीबी झालेल्याला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. बँक पासबुक आणि आधार केंद्रात दिलं आहे का ते बघावं.

जगायला जाणाऱ्यांनी गोळ्यांची सोय आधी करावी

दिवाळीनंतर आपल्या पाड्यांतली माणसं जगायला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी म्हणून, कुणी उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत. परत येणं होळीला किंवा पावसाच्या तोंडावर. गोळ्या सुटतात त्या याच काळात. बोटीवर महिनोन्‌महिने जमिनीशी संबंध नसतो, भट्टीवर मुकादम सुट्टी देत नाही, आणि झोपडीत सगळ्यांसमोर डबी काढायची लाज वाटते.

गोळी सुटली की काही महिन्यांत विषाणू वाढतो, सीडी४ घसरतो आणि वर सांगितलेले आजार वाट शोधतात. त्यावर उपाय आहेत.

• निघण्याआधी केंद्रात जाऊन सांगावं. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे.
• जास्त दिवस राहायचं असेल तर तिकडच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी घ्यावी. गुजरातमध्येही औषध मोफतच मिळतं.
• उपचाराच्या पुस्तिकेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.
• डबीवरचं नाव काढून गोळ्या साध्या डब्यात ठेवायला हरकत नाही, पण कोरड्या जागी ठेवाव्यात.
• दिवस चुकला तर लाजून केंद्र सोडू नये. चुकलेल्यांना परत घेणं हे केंद्राचं कामच आहे.

गरोदर बाई आणि बाळ

गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी करून घेतली आणि आईने औषध घेतलं तर बाळाला विषाणू जाण्याचा धोका अगदी कमी होतो. पीसीपी हा आजार एचआयव्ही असलेल्या तान्ह्या बाळाला तीन ते सहा महिन्यांच्या वयात पकडतो आणि फार वेगाने बिघडवतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या आईच्या प्रत्येक बाळाला सहा आठवड्यांपासून कोट्रायमोक्साझोलचं औषध देतात. बाळाला विषाणू नाही हे तपासणीत पक्कं होईपर्यंत ते चालू ठेवायचं. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी पहिली तपासणीही सहा आठवड्यांनीच असते. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या आईने ही तारीख चुकवू नये. बाळाची पोट-छाती आत ओढली जाऊन श्वास चालला असेल तर थांबू नये.

घरात काय सांभाळायचं

पीसीपी, क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा हे आजार घरातल्या निरोगी माणसांना रुग्णापासून लागतील अशी भीती नाही. ताट-वाटी वेगळी करायची, झोपायला ओटीवर टाकायचं, याची काही गरज नाही. टीबी आहे की नाही हे कळेपर्यंत मात्र रुग्णाने तोंडाला फडकं किंवा मास्क बांधावा, खिडकी-दार उघडं ठेवावं. घरात दुसरं कुणी एचआयव्ही असलेलं असेल तर त्याने खोकणाऱ्या रुग्णाजवळ झोपू नये.

सीडी४ कमी असलेल्या माणसाने कोंबड्यांचं खुराडं, कबुतरांची किंवा वटवाघळांची घाण, कुजका पेंढा स्वतः साफ करू नये. दुसरं कुणी नसेल तर आधी पाणी शिंपडावं, नाका-तोंडावर मास्क किंवा दुपदरी फडकं बांधावं आणि धूळ उडेल असं झाडू नये. चिखलात उतरताना बूट घालावेत. बिडी-तंबाखू आणि दारू सोडावी. दारूने गोळ्यांचं वेळापत्रक पहिलं मोडतं.

नाव बाहेर फुटेल या भीतीने थांबू नका

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि त्याची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार, नोकरी, शाळा किंवा घर नाकारणं कायद्याने मना आहे. हे फक्त दवाखान्यालाच लागू आहे असं नाही. गावात कुणाचं नाव चावडीवर घेणाऱ्यानेही विचार करावा, कारण त्या बोलण्याने पुढचे दोघे तपासणीला येत नाहीत.

घरबसल्या विचारायचं असेल तर एचआयव्हीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे, टीबीसाठी १८००-११-६६६६. दोन्हीकडे आपलं नाव सांगावं लागत नाही.

ताबडतोब दवाखाना गाठायची लक्षणं

• बसलेलं असताना मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास
• ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा चालल्यावर घसरणारा
• आधाराशिवाय चालता न येणं
• १०२ च्या वर ताप, किंवा नाडी मिनिटाला १२० च्या वर
• ओठ-नखं निळसर, बोलताना दम
• खोकल्यातून रक्त
• वाढती डोकेदुखी, उलट्या, बरळणं, झटके

थोडक्यात

एचआयव्ही असलेल्याला खोकला झाला तर आधी टीबी बघायचा. टीबी नाही म्हटलं, किंवा टीबीच्या औषधाने उतार नाही, तर शोध तिथे थांबवायचा नाही. कोरडा खोकला आणि वाढती धाप म्हणजे पीसीपीची शंका, त्यात एक दिवसही उशीर नको. टीबी निघालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची. आणि एआरटीची गोळी घरी असो, भट्टीवर असो की बोटीवर, रोजच्या रोज घ्यायची. हे सगळे आजार दारातच अडतात ते त्या गोळीमुळे.